ऑनलाइन मीटिंगमधून टीम जवळ कशी येईल? ९ माणसं आणि ३६ जोड्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे खारघरला राहतात आणि ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत. त्यांना धरून ९ जणांची टीम. दोघं घोडबंदर रोडला, एक कळव्याला, बाकीचे नाशिक, कोल्हापूर, नागपूर, नांदेड आणि बंगळुरूहून काम करतात. रोज सकाळी १० वाजता अर्ध्या तासाची मीटिंग, शुक्रवारी साडेपाचला ‘फन अवर’. कॅमेरे सगळ्यांचे बंद. “काल हे केलं, आज हे करणार, अडचण काही नाही” यापलीकडे कुणी बोलत नाही. नांदेडचा मुलगा येऊन ४ महिने झाले, पण त्याचा आवाज अजून धड कुणी ऐकलेला नाही. गेल्या महिन्यात साताऱ्याहून काम करणारी एक सहकारी २ वर्षांनी राजीनामा देऊन गेली आणि जाताना म्हणाली, “इथे मला कुणी ओळखतच नव्हतं.” आता कॅमेरा सक्तीचा करावा, आणखी खेळ घ्यावेत, की सगळ्यांना एकत्र बोलवावं, असं त्यांनी विचारलंय.

आधी तिन्ही गोष्टींची सरळ उत्तरं देते. कॅमेरा सक्तीचा करू नका. नवे खेळ शोधू नका. एकत्र बोलावता आलं तर जरूर बोलवा, पण तेवढ्याने भागणार नाही. एकत्र जेवून, फोटो काढून माणसं आपापल्या गावी परततात आणि सोमवारी सकाळी १० वाजता पुन्हा तीच मीटिंग सुरू होते. खरं काम करायचं आहे ते त्या १० च्या मीटिंगवर.

मी गेली २४ वर्षं या क्षेत्रात आहे. पहिली १४ वर्षं वागळे इस्टेट आणि महापेतल्या कंपन्यांत प्रोजेक्ट सांभाळले. नंतरची १० वर्षं मी दुसऱ्यांच्या टीमच्या मीटिंगमध्ये मागे बसून ऐकते, टिपणं काढते आणि मग त्यांच्याबरोबर बसून त्या मीटिंगची घडी बदलते. तुमच्यासारखं वर्णन मी खूपदा ऐकलंय, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं. कारण त्या टीममधली माणसं चांगली असतात, लीडही मनापासून धडपडत असतो, आणि तरीही कुणीतरी एक जण २ वर्षं एकटं बसून निघून जातं.

तुमच्या साताऱ्याच्या सहकारीच्या वाक्यातल्या एका शब्दावर मी अडले. “तुम्ही मला ओळखलं नाहीत” असं ती म्हणाली नाही. ती ‘कुणी’ म्हणाली. तुम्ही तर तिला बऱ्यापैकी ओळखत असणार. तिची रजा तुम्हीच मंजूर केलीत, अप्रेझलला तिच्याशी तुम्हीच बोललात. ओळखत नव्हते ते बाकीचे. कोल्हापूरच्या माणसाला ती कशी विचार करते हे ठाऊक नव्हतं, नागपूरच्या माणसाने तिला कधी अर्ध्या रात्री “अगं, हे कसं चालतं?” असं विचारलं नव्हतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही बदलू नका. फक्त एक कागद घ्या, त्यावर वर्तुळात ९ टिंबं काढा, प्रत्येकाला नाव द्या. मीटिंगमध्ये एका माणसाने दुसऱ्याला उद्देशून काही म्हटलं की त्या दोन टिंबांमध्ये रेघ ओढा. शुक्रवारी कागद पाहा. बहुतेक वेळा चित्र निघतं ते सायकलच्या चाकासारखं: मधे तुम्ही आणि सगळ्या आऱ्या तुमच्याकडे येणाऱ्या. ९ माणसांत ३६ जोड्या होतात. त्यांतल्या फक्त ८ जोड्यांत तुम्ही आहात. उरलेल्या २८ जोड्यांमध्ये आठवडाभरात एकही रेघ नसते. म्हणजे रोज अर्धा तास सगळे एकत्र येतात खरे, पण ८ जण आळीपाळीने तुमच्याकडे हजेरी लावतात आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्या खिडकीत मेल वाचतात. अशा मीटिंगमधून तुमच्याशी नातं तयार होईल, एकमेकांशी होणार नाही. तुमच्या टीमचं दुखणं मला तरी इथेच दिसतं.

हे का होतं, ते मला कामाच्या जागी समजलं नाही, गाडीत समजलं. मी ८ वर्षं ठाण्याहून कोपरखैरणेपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलने जायचे, तिथून रिक्षाने महापे. बायकांच्या डब्यात आमचा ग्रुप होता. एक बँकेतली, एक शाळेतली, एक पॅथॉलॉजी लॅबमधली, दोघी-तिघी आमच्यासारख्या कंपन्यांतल्या. कुणाचं काम कुणाशी जुळत नव्हतं. तरी त्या डब्यात केळवणं झाली, डोहाळजेवणं झाली, दसऱ्याला डबा सजला, संध्याकाळच्या गाडीत मटार सोलले गेले. कुणी कधी म्हटलं नाही की चला, आता ओळख वाढवू या. रोज तीच वेळ आणि तोच डबा. ऐरोलीला गर्दी चढायच्या आत कुणीतरी कुणासाठी जागा धरायचं, कुणी कुणाची पिशवी मांडीवर घ्यायचं. एक दिवस दिसलं नाही की दुसऱ्या दिवशी “काल कुठे होतीस?” हा प्रश्न ठरलेला. आणि त्या ग्रुपला लीड नव्हता. प्रत्येकीचं प्रत्येकीशी काहीतरी चालायचं. लहान लहान गरज लागणं, ती भागणं आणि आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येणं, एवढ्यावर ती ओळख उभी होती. पडद्यावरच्या मीटिंगमध्ये हे सगळं आणता येतं. फक्त त्यासाठी मधल्या माणसाला जरा बाजूला सरकावं लागतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

‘काल काय, आज काय’ हे मीटिंगमधून काढून टाका. पावणेदहापर्यंत प्रत्येकाने चॅटवर ३ ओळी लिहायच्या, सगळ्यांनी त्या वाचून यायचं. मीटिंगमध्ये फक्त एकच गोष्ट बोलायची: मला आज कुणाची गरज आहे. आणि ती नाव घेऊन, त्या माणसाशी बोलायची. “टेस्ट डेटा अजून आला नाही” असं हवेत सोडायचं नाही. कोल्हापूरने नागपूरला विचारायचं, “तुझ्याकडचा टेस्ट डेटा मला दुपारी ३ पर्यंत मिळेल का?” नागपूरने हो, नाही किंवा ५ ला देतो, असं त्यालाच सांगायचं.

पहिले दोन आठवडे हे अवघड जातं. माणसं सवयीने तुमच्याकडे वळून बोलतात: “सर, ते नागपूरकडून आलं की मग मी बघतो.” तेव्हा “त्यालाच विचार की” एवढंच म्हणा आणि गप्प राहा. गप्प राहणं हा यातला सगळ्यात कठीण भाग आहे. लीडला वाटतं, शांतता पडली म्हणजे मीटिंग फसली. मी लीडच्या शेजारी बसून त्यांना मनात ७ पर्यंत मोजायला लावते. बहुतेक वेळा ५ च्या आत कुणीतरी बोलतं.

मोजायला लावण्यामागे कारण आहे, आणि ते नीट समजून घ्या, कारण ऑनलाइन मीटिंगमधल्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ तिथे आहे. समोरासमोर बोलताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला फार थोडा वेळ लागतो. २००९ साली जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन अशा १० भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा वेळ सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाला. आपण सगळे या तालावर वाढलेलो असतो. आता इंटरनेटवरून आवाज पोचायला जो उशीर होतो, त्यात ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मिळवा, आणि नागपूरच्या माणसाने लगेच दिलेलं उत्तरही तुमच्यापर्यंत रेंगाळत येतं. तोवर घोडबंदरच्या दोघांपैकी एकाने बोलायला सुरुवात केलेली असते. मग दोघं थांबतात, “तू बोल”, “नाही, तू बोल” होतं आणि नागपूर म्यूट होतो. दोन-चार वेळा असं झालं की तो प्रयत्नच सोडतो.

याहून वाईट म्हणजे हा दोष आपण यंत्राला देत नाही, माणसाला देतो. जर्मनीतल्या संशोधकांनी कॉलमध्ये मुद्दाम उशीर घालून पाहिलं, तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उशीर वाढला तसा लोकांना पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ वाटू लागला. माणूस तोच होता, फक्त आवाज उशिरा येत होता.

हे मी स्वतः केलंय, आणि त्याची मला आजही खंत आहे. महापेला असताना माझ्या टीममध्ये नागपूरहून काम करणारा एक जण होता. कॉलवर काही विचारलं की थांबून, तुटक उत्तर द्यायचा. मी त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ‘संवादात उत्साह नाही’ असं लिहिलं. पुढे कामानिमित्त नागपूरला जाऊन ३ दिवस त्याच्या शेजारी बसले. टीममधला सगळ्यात बोलका माणूस तो होता. त्यांच्याकडची लाइनच खराब होती, आमचं अर्धं बोलणं त्याला कळत नव्हतं, आणि दर वेळी “पुन्हा सांगा” म्हणायचा त्याला संकोच वाटायचा. त्या वर्षी त्याची बढती हुकली. मी नंतर माफी मागितली, त्याने मोठ्या मनाने ती स्वीकारली, पण वर्ष काही परत आलं नाही. तेव्हापासून कुणी ‘तो माणूस थंड आहे’ असं म्हटलं की मी आधी विचारते: त्याच्याकडे नेट कुठलं आहे, हेडफोन कुठला आहे?

म्हणून सगळ्यांना तारेचे इअरफोन घ्यायला सांगा. शक्य असेल तिथे राउटरपासून लॅपटॉपला केबल लावा. आणि बोलण्याची पाळी हवेत सोडू नका. जो बोलतो त्याने शेवटी पुढच्याचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की उशीर कितीही असो, जागा आपली आहे हे कळतं. गाडीत जागा धरण्यासारखी टीममधली गोष्ट हीच.

आता जोड्या. ९ माणसांच्या ३६ जोड्या ९ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतात. दर आठवड्याला ४ जोड्या लावायच्या, एक जण उरतो. वर्तुळात नावं लिहा, सगळ्यात वरचं नाव मोकळं ठेवा आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या समोरासमोरच्या नावांच्या जोड्या लावा. मग दर आठवड्याला नावं एक घर सरकवत गेलात की कुणाचीही जोडी दोनदा येत नाही आणि प्रत्येक जण एकदाच मोकळा राहतो. या मोकळ्या राहिलेल्या माणसाने त्या आठवड्यात १० ची मीटिंग चालवायची. तुम्हीही या फेरीत आहात, म्हणजे ९ पैकी ८ आठवडे मीटिंग तुमच्या हातात नसेल.

जोडीने आठवड्यातून एकदा २५ मिनिटं बोलायचं, आणि बोलायचं ते कामाचं. माझा अनुभव असा, की “दोघं जण चहा घेत गप्पा मारा” असं सांगितलं की बुजरी माणसं आणखी बुजतात. काय बोलायचं हा प्रश्न त्यांना आदल्या रात्रीपासून छळतो. त्याऐवजी हातात काम द्या. या आठवड्यात तू लिहिलेला एक भाग त्याला उघडून दाखव, त्याने त्याचा दाखवायचा. कुठे अडलास, काय जुगाड केलास, कशाची भीती वाटते, ते सांगायचं. काम दाखवताना माणूस आपोआप उघडा होतो. २५ मिनिटांतली शेवटची १० मिनिटं घर, गाव, पोरं, परीक्षा यांवर जातात, आणि ती कुणी न सांगता जातात.

मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास केला होता, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करायला लागल्यावर गटांचे कप्पे जास्त घट्ट झाले आणि कप्प्यांना जोडणारे दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. ऑफिसमध्ये हे दुवे लिफ्टमध्ये, पाण्याच्या कूलरपाशी, जेवणाच्या डब्याभोवती आपोआप पडतात. घरून ते पडत नाहीत, मुद्दाम पाडावे लागतात. जोड्यांचा कागद त्यासाठी आहे.

कॅमेऱ्याबद्दल. तुमचा हेतू मला कळतो, चेहरा दिसला की जवळीक वाढेल असं वाटतं. पण अमेरिकेत १०३ कर्मचाऱ्यांवर ४ आठवडे एक प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरा चालू ठेवण्याचा थकवा लोकांना जाणवला, स्त्रियांना आणि कंपनीत नव्या आलेल्यांना तो जास्त जाणवला, आणि थकलेली माणसं मीटिंगमध्ये कमी बोलली. म्हणजे ज्यांनी बोलावं असं तुम्हाला वाटतं, तेच आणखी मागे जातात. त्यात आपल्याकडची घरं बघा. कळव्यातल्या वन बीएचकेत एका खोलीत सासू-सासरे टीव्ही बघतायत, दुसऱ्या खोलीत मुलाची शाळा, आणि तुमची सहकारी ओट्याशेजारी स्टूल टाकून बसलेली. तिच्यामागे वाळत घातलेले कपडे आहेत. कॅमेरा सक्तीचा केलात तर पूर्ण अर्धा तास तिचं लक्ष त्या कपड्यांवर असेल.

मी सांगते ते असं: जोडीच्या कॉलला वाटलं तर कॅमेरा लावा, दोघांत फार दडपण नसतं. १० च्या मीटिंगला पहिली २ मिनिटं, ज्याला जमेल त्याने. कुणी लावला नाही तर कारण विचारायचं नाही. ज्यांचा चालू असतो त्यांना स्वतःचा चेहरा लपवण्याची सोय दाखवून द्या. झूम आणि टीम्स दोन्हीमध्ये ती आहे. आपलाच चेहरा सतत समोर असणं फार दमवतं. आणि आठवड्यातला एखादा कॉल नुसत्या फोनवर, चालत चालत करा. घोडबंदरची मंडळी उपवनला फेरी मारताना बोलतील, तुम्ही खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये. एकमेकांकडे न बघता, एकाच वेळी चालताना माणसं जे बोलतात ते पडद्यासमोर बोलत नाहीत.

भाषेचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण टीमची गावं वाचून मी खात्रीने सांगते की तो आहे. ८ जण मराठी समजणारे, एक बंगळुरूचा. मीटिंग सुरू व्हायच्या आधी ३-४ जण मराठीत हसत-बोलत असतात. तो आला की सगळे इंग्रजीत जातात आणि वातावरण एकदम गार पडतं. त्याला वाटतं, मी आलो की ही माणसं गप्प होतात. बाकीच्यांना वाटतं, याच्यामुळे मोकळं बोलता येत नाही. कुणाचाच दोष नसताना दोन्हीकडे अढी बसते. यावर उपाय म्हणजे उघड बोलणं. त्याला सांगा की आम्ही मराठीत बोलत होतो आणि विषय हा होता. विनोद झाला असेल तर तो हिंदीत समजावून सांगा, भले त्यातली मजा निम्मी होवो. ज्याला मराठीत नीट मांडता येतं त्याने मराठीत मांडावं आणि शेजारच्याने त्याचं सार एका वाक्यात इंग्रजीत सांगावं. या एका सवयीने मी दोन टीममध्ये मुकी माणसं बोलती झालेली पाहिली आहेत. नांदेडच्या मुलाचंही निम्मं कोडं इथे असण्याची शक्यता मला वाटते. डोक्यात मराठीत विचार येतो, त्याचं इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पावणेदहाला ३ ओळी लिहून ठेवल्या की त्याच्यासमोर निदान स्वतःचे शब्द तयार असतात.

आता तुमच्या ऐरोलीच्या दिवसांबद्दल. महिन्यातून एखाद-दोनदा तुम्ही ठाणे-नवी मुंबईचे ४ जण एका खोलीत बसत असाल आणि बाकीचे ५ जण भिंतीवरच्या टीव्हीवर, तर त्या दिवशी ५ जणांना सगळ्यात परकं वाटत असणार. खोलीतली कुजबुज त्यांना ऐकू येते, कळत नाही. त्या दिवशी चौघांनी आपापला लॅपटॉप उघडून मीटिंगला यायचं, माइक आणि स्पीकर फक्त एकाचाच चालू ठेवायचा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मीटिंग संपल्यावर खाली टपरीवर चहा पिताना जे ठरतं त्याचा नियम एकच ठेवा: ग्रुपवर लिहिलं तर ठरलं, नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी “अरे, ते तर आमचं कालच ठरलं” हे वाक्य कोल्हापूरच्या माणसाला जितकं लागतं, तितका तुमचा रागही लागत नाही.

शुक्रवारचा ‘फन अवर’ बंद करा. साडेपाचला घोडबंदरची आई मुलाला क्लासमधून आणायला निघालेली असते, कोल्हापूरच्या माणसाला गावाकडे जायची बस पकडायची असते. त्या वेळी हसणं हे आणखी एक काम होतं. त्याऐवजी बुधवारी दुपारी २० मिनिटं ठेवा, यायचं तर या. एकाने या आठवड्यात झालेली आपली एक चूक आणि ती कशी सापडली ते दाखवायचं. पहिल्या बुधवारी तुम्ही स्वतःची दाखवा, आणि खरी दाखवा. एमी एडमंडसन या अभ्यासक १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल असा त्यांचा अंदाज होता, निघाली जास्त. पुढे उलगडा झाला तो असा, की त्या टीममध्ये लोक चुका लपवत नव्हते. तुमच्या मीटिंगमध्ये रोज ८ जण “अडचण काही नाही” म्हणतात. सॉफ्टवेअरच्या कामात ८ जणांना सलग महिनाभर अडचण नसते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आणखी एक सवय, ती फक्त तुमच्यासाठी. एक साधी वही ठेवा. कुणी बोलता बोलता काही सांगितलं की दोन शब्द टिपा: आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी, बहिणीचं लग्न दिवाळीनंतर, नाशिकच्या घराचा ताबा मिळाला. पुढच्या आठवड्यात विचारा. हे चारचौघांत विचारायचं की एकट्याला, याचा विवेक ठेवा. तब्येत, पैसा, घरातले ताण यांचा उल्लेख मीटिंगमध्ये कधीही नको. ही वही कंपनीच्या लॅपटॉपवर नको, कागदावरच हवी. आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला तर ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लावून थांबू नका. त्या माणसाबरोबर ज्यांच्या जोड्या झाल्या आहेत त्यांच्यापैकी एकाला फोन करायला सांगा.

वर्षातून दोनदा सगळ्यांना ठाण्याला आणा. नांदेडचा मुलगा रात्रभर देवगिरी एक्सप्रेसने प्रवास करून येईल, त्याला सकाळी १० वाजता स्लाइड्ससमोर बसवू नका. मामलेदारची मिसळ खायला न्या, तलावपाळीला फिरा, आणि मधले दोन-तीन तास जोड्यांना शेजारी शेजारी बसून एका लॅपटॉपवर काम करू द्या. ९ आठवड्यांची एक फेरी झाल्यावर बोलावलंत तर भेटीची गोडी जास्त, कारण भेटायला माणसं असतात, नुसती नावं नसतात.

फरक दिसायला माझ्या अनुभवात दोन फेऱ्या, म्हणजे साधारण ४ महिने लागतात. पहिल्या फेरीत दोघं-तिघं कुरकुर करतील, एखादी जोडी कॉल टाळेल. त्यांना दटावू नका, त्या जोडीला दोघांनी मिळून करायचं एक छोटं काम द्या. १८ आठवड्यांनी पुन्हा तो टिंबांचा कागद काढा आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवा.

राहिला नांदेडचा मुलगा. त्याच्यासाठी १८ आठवडे थांबू नका, याच आठवड्यात त्याला साधा फोन करा, व्हिडिओ नको. “काही अडचण आहे का?” असं विचारू नका, त्याचं उत्तर “नाही सर” असंच येणार. विचारा, “आल्यापासून अशा कुठल्या गोष्टी होत्या ज्या तुला माहीत नव्हत्या आणि कुणाला विचाराव्या तेही कळलं नव्हतं?” मराठीत विचारा. मग तो सांगेल ते लिहून घ्या आणि म्हणा, यातून पुढच्या नव्या माणसासाठी एक पानभर माहिती तयार कर, कोल्हापूरच्या सहकाऱ्याला सोबतीला घे. जोड्यांची पहिली फेरी लावताना पहिल्या आठवड्यात तो मोकळा राहू नये, आणि तुमच्या वाट्यालाही येऊ नये. त्याला कोल्हापूरच्याच माणसाबरोबर ठेवा, म्हणजे त्या पानाच्या निमित्ताने त्यांचं बोलणं आधीच सुरू झालेलं असेल.